'२७ इन्स्टंट' म्हणजे नेमकी कोणती तारीख? जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांतल्या तारखा उलगडण्याची रीत

समजा, मुंबईतल्या एका इंग्रजी वृत्तपत्राचा शनिवार, ३ जून १८४३ चा अंक तुमच्यासमोर आहे. पुण्याच्या बातमीत एक गृहस्थ वारल्याचं लिहिलंय आणि तारीख दिलीय, 'सॅटर्डे, द ट्वेंटी-सेव्हन्थ इन्स्टंट'. तुम्हाला ती वंशावळीत लिहायचीय.

शब्दकोशात इन्स्टंट म्हणजे क्षण किंवा तत्काळ. त्यानं काही साधत नाही. थोडी चौकशी केली की कळतं, जुन्या इंग्रजीत तारखेपुढचा इन्स्टंट म्हणजे 'चालू महिन्याची'. अंक जूनचा, म्हणून पुष्कळजण वहीत २७ जून लिहून मोकळे होतात. पण ३ जूनच्या अंकात २७ जूनचा मृत्यू छापून येणार कसा? खरी तारीख २७ मे आहे. ती तशी का, आणि अशी प्रत्येक तारीख खात्रीनं कशी काढायची, ते इथे टप्प्याटप्प्यानं पाहू.

शब्द कुठून आले

मूळ लॅटिन. 'इन्स्टान्ते मेन्से' म्हणजे चालू महिन्यात, 'अल्टिमो मेन्से' म्हणजे गेल्या महिन्यात आणि 'प्रॉक्सिमो मेन्से' म्हणजे येत्या महिन्यात. महिना सांगणारं 'मेन्से' वापरता वापरता गळून गेलं. अल्टिमो आणि प्रॉक्सिमो लॅटिन वेषातच राहिले, तर इन्स्टान्तेचं शेपूट झिजून रोजच्या वापरातला इन्स्टंट उरला. म्हणून तिघांत हाच जास्त फसवतो. अल्टिमो दिसला की वाचणारा थबकतो, इन्स्टंट ओळखीचा वाटतो आणि नजर पुढे सरकते.

छापताना त्यांची रूपं आखूड होत: इन्स्ट., अल्ट., प्रॉक्स. कधी 'अल्टो' असं लिहून शेवटचा ओ बारीक आणि वर चढवलेला असतो. व्यापारी पत्रांत, विशेषतः स्कॉटिश पेढ्यांच्या, इन्स्टंटऐवजी 'करंट' किंवा त्याचं आखूड 'कर्ट.' भेटतं. अर्थ तोच, चालू महिना.

आपल्याला ही पद्धत परकी वाटायचं कारण नाही. मोडी कागद वाचणाऱ्याला 'सालमजकूर' (चालू साल), 'साल गुदस्त' (गेलं साल), 'माहे मजकूर' (चालू महिना) रोज भेटतात. सालमजकूर कोणतं, हे कागदावरची तारीख पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. इन्स्टंटचंही तसंच आहे. वकील मंडळींना तर हा अर्थ आजही सवयीचा आहे. आपल्या उच्च न्यायालयांच्या निकालपत्रांत 'इन द इन्स्टंट केस' असतं, ते झटपट निकाली काढलेल्या खटल्याबद्दल नव्हे, समोर असलेल्या प्रस्तुत प्रकरणाबद्दल.

आधी तारखेचा धनी शोधा

सगळी गोम इथे आहे. इन्स्टंट म्हणजे चालू महिना खरा, पण कोणाचा चालू महिना? ज्यानं तो मजकूर लिहिला त्याचा. अंक छापणाऱ्याचा नव्हे.

त्या काळचं वृत्तपत्र म्हणजे बरंचसं इतरांच्या लिखाणाची जुळणी. गावोगावच्या बातमीदारांची पत्रं, दुसऱ्या पत्रांतले उतारे, सरकारी हुकूम, व्यापाऱ्यांच्या चिठ्ठ्या, जहाजाच्या कप्तानाकडून मिळालेली खबर. जुळारी एकेक खिळा, म्हणजे छपाईचं धातूचं अक्षर, हातानं लावायचा. आलेल्या मजकुरातले 'इन्स्ट.' आणि 'अल्ट.' तो सहसा बदलत बसत नसे, पुढ्यात आलेलं तसंच जुळवी. त्यामुळे एकाच पानावर, एकाच स्तंभात, दोन 'इन्स्ट.' दोन वेगळ्या महिन्यांचे असू शकतात.

म्हणून तारीख दिसली की लगेच बोटं मोजू नका. आधी त्या मजकुराला स्वतःची तारीख आहे का ते बघा, आणि या क्रमानं बघा:

१. मजकुराच्या शेवटी, सहीजवळ तारीख आहे का? पत्र, हुकूम, नोटीस यांची तारीख बहुधा तळाशी असते. ती मिळाली तर तीच धरायची.

२. मजकुराच्या डोक्यावर गाव आणि तारीख आहे का? उदाहरणार्थ 'पूना, २९ मे'.

३. शेवटी तिरप्या अक्षरांत दुसऱ्या पत्राचं नाव आहे का? 'बॉम्बे कुरियर, ऑगस्ट १४' अशी शेपटी असेल तर उतारा त्या अंकातला आहे आणि इन्स्टंट ऑगस्टचा. लंडनचं 'एशियाटिक जर्नल' (१८१६ ते १८४५) हिंदुस्थानातल्या पत्रांतून असे उतारे घेई. तिथे ही शेपटी वाचल्याशिवाय एकही तारीख उतरवू नये.

४. यातलं काहीच नसेल तर वरच्या ओळींत चढा. एका डोक्याखाली चार-पाच परिच्छेद असतात आणि तारीख फक्त पहिल्यावर असते. आडवी रेघ किंवा नवं डोकं आलं की त्या तारखेची सत्ता संपली.

५. सगळं शोधून हाती काही लागलं नाही, तरच अंकाची तारीख धरा.

आपल्या उदाहरणात मृत्यूच्या परिच्छेदावर तारीख नाही. तीन परिच्छेद वर 'पूना, २९ मे' आहे. बातमीदार २९ मे रोजी लिहितोय, त्याचा चालू महिना मे. म्हणून २७ मे. नेमकी चूक कुठे होते, तर संगणकावर शोध घेऊन आलेला तीन ओळींचा तुकडा वाचला जातो आणि वरचं डोकं पडद्याबाहेर राहतं. डेटाबेसमध्ये सापडलेली बातमी नेहमी पूर्ण पान उघडून वाचा.

बातमीदारानं महिनाअखेरीस लिहिलेलं पत्र पुढच्या महिन्यात छापून येतं, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या आठवड्यातले अंक सर्वांत दगाबाज. १ ते ७ तारखेच्या अंकात दोन आकडी 'इन्स्ट.' दिसला की खूण करून ठेवावी.

मग मोजा

धनी सापडला की मोजणी सोपी आहे. इन्स्टंट म्हणजे त्याचा तोच महिना, अल्टिमो म्हणजे त्याच्या आधीचा, प्रॉक्सिमो म्हणजे पुढचा. हे कॅलेंडरचे महिने आहेत, तीस दिवसांचे हप्ते नव्हेत. ३१ मे रोजी लिहिलेला '२ अल्ट.' म्हणजे २ एप्रिल, जवळजवळ दोन महिन्यांपूर्वीचा. १ मे रोजी लिहिलेला '३० अल्ट.' म्हणजे कालचा दिवस. 'अल्ट.' दिसला म्हणजे बातमी जुनी असलीच पाहिजे असं नाही.

जानेवारीत साल बदलायला विसरू नका. ३ जानेवारी १८४२ च्या पत्रातला '२८ अल्ट.' हा २८ डिसेंबर १८४१. डिसेंबरातल्या 'प्रॉक्स.'ला साल पुढचं. हे सांगण्याइतकं सोपं आहे, तरी छापील वंशावळींत वर्षभराची चूक बऱ्याचदा इथूनच शिरते.

अशक्य तारीख दिसली तर वैतागू नका, ती कामाची असते. जुलैच्या अंकात '३१ अल्ट.' आहे? जूनला ३१ दिवस नाहीत. म्हणजे मजकूर जुलैत लिहिलेलाच नाही. तो जूनमध्ये लिहिला, तारीख ३१ मेची, आणि छापला गेला जुलैत. किंवा खिळा चुकलाय. आधी पहिली शक्यता तपासा.

क्रियापद वाचा

इन्स्टंट भूतकाळ सांगत नाही आणि भविष्यही सांगत नाही. १० तारखेच्या पत्रात '५ इन्स्ट.' घडून गेलेली, '२५ इन्स्ट.' होणार असलेली. 'डाइड' आणि 'अराइव्ड' असेल तर तारीख लिहिण्याच्या दिवसाच्या आधीची असली पाहिजे. 'विल बी सोल्ड' (विकलं जाईल), 'विल सेल' (जहाज सुटेल) असेल तर नंतरची. क्रियापद आणि तारीख जुळत नसतील तर धनी चुकीचा धरलाय, परत मागे जा.

एक वाक्प्रचार मात्र नीट ओळखून ठेवा. 'वुई हॅव कलकत्ता पेपर्स टू द फोर्टीन्थ अल्टिमो'. याचा अर्थ १४ तारखेला काही घडलं असा नाही. हाती आलेल्या कलकत्त्याच्या अंकांपैकी सर्वांत ताजा अंक गेल्या महिन्याच्या १४ चा आहे, एवढंच. त्याखालच्या घटना १४ च्या आधीच्या कुठल्याही दिवसाच्या असू शकतात.

वार पडताळा

बातमीत वार दिला असेल तर ती देणगीच समजा. वार काढायला जंत्री हाताशी नसली तरी कागदावर अर्ध्या मिनिटात निघतो. या पाच संख्यांची बेरीज करा:

• तारीख

• महिन्याचा अंक: जानेवारी ०, फेब्रुवारी ३, मार्च ३, एप्रिल ६, मे १, जून ४, जुलै ६, ऑगस्ट २, सप्टेंबर ५, ऑक्टोबर ०, नोव्हेंबर ३, डिसेंबर ५

• सालाचे शेवटचे दोन आकडे

• त्या दोन आकड्यांना ४ नं भागून येणारा पूर्णांक, बाकी सोडून द्यायची

• शतकाचा अंक: १७०० च्या सालांना ४, १८०० च्या सालांना २, १९०० च्या सालांना ०

लीप वर्षात जानेवारी किंवा फेब्रुवारीची तारीख असेल तर एक वजा करा. बेरजेला ७ नं भागा. बाकी ० म्हणजे रविवार, १ सोमवार, असं करत ६ शनिवार.

हात बसवायला माहितीची तारीख घ्या. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली. १६ + ६ + ५३ + १३ + २ = ९०. सातनं भागल्यावर बाकी ६, शनिवार. बरोबर. 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, आणि १८३२ लीप वर्ष. ६ + ० + ३२ + ८ + २ = ४८, त्यातून १ वजा, ४७. बाकी ५, शुक्रवार. हेही बरोबर.

आता आपली पुण्याची बातमी. २७ मे १८४३: २७ + १ + ४३ + १० + २ = ८३, बाकी ६, शनिवार. २७ जून १८४३: बेरीज ८६, बाकी २, मंगळवार. बातमीत 'सॅटर्डे' आहे. वाद मिटला.

या पडताळ्याला एक भोक आहे आणि ते आकड्यांतच दिसतं. फेब्रुवारी आणि मार्च, दोघांचाही अंक ३. साध्या वर्षात या दोन महिन्यांत एकाच तारखेला एकच वार येतो. २८ फेब्रुवारी १८४५ शुक्रवार, २८ मार्च १८४५ सुद्धा शुक्रवार. तारीख फेब्रुवारीची की मार्चची, असा घोळ असेल तर वार मुका राहतो. तिथे पुढचा टप्पा लागतो.

टपालाला लागणारा वेळ

घटना घडली तिथून छापखान्यापर्यंत बातमी यायला किती दिवस लागत, याचा अंदाज हवाच. पुण्याहून मुंबईला १८४० च्या दशकात एक-दोन दिवस. कलकत्त्याहून मुंबईला डाकेनं साधारण दहा ते पंधरा दिवस. विलायतेचं गणित मात्र काळागणिक बदललं. केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार ते सहा महिने. १८३० साली 'ह्यू लिंडसे' ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि तांबड्या समुद्राची वाट खुली झाली. १८४० च्या दशकात इजिप्तमार्गे येणारं 'ओव्हरलँड' टपाल पाच-सहा आठवड्यांत येऊ लागलं. सुएझ कालवा १८६९ चा. त्याआधीच, १८६५ मध्ये, इराणच्या आखातातून तार जोडली गेली होती आणि १८७० ला सुएझ-एडन-मुंबई समुद्री तार आल्यावर बातमी काही तासांवर आली.

आता हे वापरून पाहा. शनिवार, १२ एप्रिल १८४५ च्या मुंबईच्या अंकात लंडनच्या पत्रातली ओळ आहे, 'फ्रायडे, द ट्वेंटी-एट्थ अल्टिमो'. अंकावरून मोजलं तर २८ मार्च. वार जुळतो, शंका येत नाही. पण २८ मार्चला लंडनमध्ये घडलेलं पंधरा दिवसांत मुंबईत छापून येणं १८४५ साली शक्यच नव्हतं. पत्राचं डोकं शोधलं की ४ मार्च सापडतं. तारीख २८ फेब्रुवारी.

उलट्या दिशेनं शोधतानाही हेच भान ठेवा. खडकीची लढाई ५ नोव्हेंबर १८१७ ची. लंडनच्या वृत्तपत्रांत तिची बातमी हवी असेल तर डेटाबेसमध्ये नोव्हेंबर-डिसेंबर १८१७ चाळून काही मिळणार नाही, १८१८ च्या अंकांत शिरावं लागेल. आणि तिथे लंडनच्या संपादकाच्या स्वतःच्या वाक्यात तिला '५ अल्ट.' म्हणता येणार नाही, कारण अल्टिमोचा हात एकाच महिन्यापर्यंत पोचतो. त्याला महिन्याचं नाव घ्यावंच लागतं. इतक्या उशिरा पोचलेल्या बातमीत 'इन्स्ट.' किंवा 'अल्ट.' दिसला तर तो हिंदुस्थानातल्या मूळ पत्राचा उतारा आहे असं बिनदिक्कत धरा.

तारेच्या काळातल्या बातम्यांवर 'लंडन, ४' एवढंच असतं. तारेत शब्दागणिक पैसे पडत, महिना कोण लिहिणार? तिथे अंकाच्या आधीची सर्वांत जवळची ४ तारीख धरायची.

जाहिराती आणि नोटिसा

लिलाव, जहाजांची प्रस्थानं, दिवाळखोरीच्या नोटिसा, मयताच्या इस्टेटीवरचे दावे. 'ऑन ऑर बिफोर द फिफ्टीन्थ प्रॉक्सिमो' ही भाषा इथलीच. जाहिरात एकदा जुळवली की ते खिळे तसेच बांधून ठेवत आणि अंकामागून अंक छापत. १४ मार्चची जाहिरात एप्रिलच्या अंकातही 'प्रॉक्सिमो' म्हणत राहते, आणि त्याचा अर्थ १५ एप्रिलच असतो, १५ मे नव्हे. काही छापखाने महिना पालटला की 'प्रॉक्स.' काढून 'इन्स्ट.' घालत, काही घालत नसत. एकाच छापखान्यात दोन्ही आढळतं.

यावर उपाय एकच. जाहिरातीच्या तळाशी ठिकाण आणि तारीख बघा. नसेल तर मागचे अंक चाळत ती पहिल्यांदा कधी आली ते शोधा. पहिली छपाई हाच तिचा जन्मदिवस.

लास्ट, नेक्स्ट आणि सेनिट

'ट्यूजडे लास्ट' म्हणजे लिहिण्याच्या दिवसाआधीचा सर्वांत जवळचा मंगळवार. 'इन ऑगस्ट लास्ट' म्हणजे सर्वांत अलीकडचा ऑगस्ट. मार्च १८४४ च्या पत्रात तो १८४३ चा. इथेही धनी आधी शोधायचा. 'बॉम्बे टाइम्स' ३ नोव्हेंबर १८३८ ला सुरू झाला तेव्हा आठवड्यातून दोनदा, बुधवारी आणि शनिवारी निघे. असल्या पत्रात 'यस्टरडे' म्हणजे अंकाच्या आदल्या दिवशीच असं धरू नका. बातमी दोन दिवस आधीच जुळवून ठेवलेली असू शकते.

'सेनिट' हा आज पूर्ण मेलेला शब्द. लिहिताना मध्ये लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) देत. सेव्हन नाइट, सात रात्री, म्हणजे आठवडा. 'थर्सडे सेनिट' पुढच्या घटनेबद्दल असेल तर येत्या गुरुवारानंतरचा गुरुवार, मागच्या घटनेबद्दल असेल तर गेल्या गुरुवारच्या आधीचा. पुन्हा क्रियापदच वाट दाखवतं. भाषांतर करताना एक गंमत लक्षात ठेवा. इंग्रज सात आणि चौदा रात्री मोजतो, आपण आठवडा आणि पंधरवडा म्हणत आठ आणि पंधरा दिवस मोजतो. दोघांचा मुक्काम एकाच दिवशी पडतो, कारण आपण पहिला दिवसही धरतो. 'आजपासून आठव्या दिवशी' म्हणजे सात दिवस पुढे. त्याचं 'आठ दिवसांनंतर' केलं आणि कुणी शब्दशः मोजलं की एक दिवस घसरला.

गोव्याची पोर्तुगीज पत्रं

१८२१ ची 'गाझेत द गोवा' किंवा १८३७ पासूनचं 'बोलेतिम' हे सरकारी राजपत्र चाळणाऱ्यांसाठी खास सूचना. पोर्तुगीजमध्ये चालू महिन्याला 'दु कोर्रेंत' म्हणतात, ते सरळ आहे. गेल्या महिन्याला मात्र 'प्रॉक्सिमु पासादु' म्हणतात, म्हणजे नुकताच सरलेला, आणि त्याचं आखूड रूप दोन 'पी'. पुढच्या महिन्याला 'प्रॉक्सिमु फुतुरु'. इंग्रजीची सवय असलेला वाचक 'प्रॉक्सिमु' दिसताच पुढचा महिना धरतो आणि तारीख दोन महिन्यांनी चुकते. त्याच्यापुढचा शब्द वाचल्याशिवाय हलू नका.

१७५२ आधीचे आणि रशियाचे कागद

ब्रिटनमध्ये बुधवार, २ सप्टेंबर १७५२ च्या दुसऱ्या दिवशी गुरुवार, १४ सप्टेंबर उजाडला. त्याआधीच्या इंग्रजी वृत्तपत्रांतल्या लंडनच्या तारखा जुन्या (ज्युलियन) गणनेच्या, पॅरिसच्या पत्रातल्या नव्या (ग्रेगोरियन) गणनेच्या, आणि अठराव्या शतकात दोहोंत अकरा दिवसांचं अंतर. तेव्हा इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई, म्हणून जानेवारी ते मार्चच्या तारखांना साल दोन तऱ्हेनं लिहिलेलं असतं. वर दिलेलं वाराचं गणित या जुन्या तारखांना लागू नाही. रशियात जुनी गणना १९१८ पर्यंत चालली. क्रिमियन युद्धाच्या काळातल्या सेंट पीटर्सबर्गच्या बातम्यांत '५ (१७) इन्स्ट.' असे जोडआकडे त्यामुळेच आहेत. बारा दिवसांचा फरक, नवी तारीख कंसातली.

संगणकावर शोधताना

छापील पान यंत्रानं वाचून त्याचा मजकूर केलेला असतो आणि बारीक खिळ्यांवर यंत्र अडखळतं. 'इन्स्ट.'मधला आय एल होतो किंवा एक हा आकडा होतो, एनचा यू होतो. 'अल्ट.'च्या यूचा एन होतो. अठराव्या शतकातल्या छपाईत शब्दाच्या आत लांब एस असे आणि तो एफसारखा दिसतो. म्हणून तिथे 'इन्फ्ट', 'लाफ्ट' असंही शोधावं, म्हणजे 'इन्स्ट' आणि 'लास्ट' हाती लागतात. लंडनच्या 'टाइम्स'नं लांब एस १८०३ मध्ये सोडला, बाकीच्यांनी थोडं मागेपुढे.

नुसतं 'इन्स्ट' शोधून मात्र काही हाती येत नाही, हजारो निकाल येतात. मुंबईच्या पत्रांत तर आणखी घोळ, कारण 'एल्फिन्स्टन इन्स्ट.' म्हणजे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन, त्याचा महिन्याशी संबंध नाही. नाव किंवा गाव शोधा, आणि शोधाचा काळ घटनेच्या दिवसापासून स्थानिक पत्रांसाठी तीन आठवडे, कलकत्त्यासाठी सहा आठवडे, लंडनसाठी तारेच्या आधी किमान सहा महिने पुढे ताणा. डेटाबेसमधली तारीख ही अंकाची असते, घटनेची नव्हे.

ऑस्ट्रेलियाचं ट्रोव्ह, न्यूझीलंडचं पेपर्स पास्ट आणि अमेरिकेचं क्रॉनिकलिंग अमेरिका ही जुन्या वृत्तपत्रांची संकेतस्थळं फुकट आहेत. हात बसवायला उत्तम. ब्रिटिश न्यूजपेपर आर्काइव्हला पैसे पडतात. 'टाइम्स ऑफ इंडिया'चे १८३८ पासूनचे अंक प्रोक्वेस्ट या डेटाबेसवर आहेत, पुष्कळ विद्यापीठांच्या ग्रंथालयांतून बघता येतात. मुंबईत एशियाटिक सोसायटीचा संग्रह आणि त्यांचं 'ग्रंथ संजीवनी' हे संकेतस्थळ आधी बघावं.

दुसरा साक्षीदार आणि नोंद

शक्य असेल तिथे एक स्वतंत्र पुरावा जोडा. मयत युरोपियन असेल तर मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या दफनाच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत एन-३ या मालिकेत आहेत. इथल्या उकाड्यात दफन त्याच किंवा दुसऱ्या दिवशी होई, त्यामुळे तारीख लगेच पडताळता येते.

घराणं मराठी असेल तर श्राद्धाची तिथी माहीत असते, पण ती जपून वापरा. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा. त्यामुळे २७ मे आणि २७ जून यांच्या तिथींत एक-दोन घरांचंच अंतर पडतं आणि तिथीच्या क्षयवृद्धीत ते सहज हरवतं. 'वद्य चतुर्दशी' एवढ्यानं मे की जून ठरणार नाही, मासाचं नाव लागेल. तेही जंत्रीत बघताना त्या वर्षी अधिक मास होता का, हे तपासून.

नोंद करताना काढलेली तारीख आणि मूळ शब्द दोन्ही लिहा. नुसती '२७ मे १८४३' लिहिली तर पुढच्या अभ्यासकाला तुम्ही ती कशी काढली ते कळणार नाही, आणि कुणीतरी अंक बघून ती 'दुरुस्त' करून २७ जून करून ठेवेल. असं लिहावं:

२७ मे १८४३, शनिवार. मूळ शब्द: 'सॅटर्डे, २७ इन्स्टंट'. पुण्याचं पत्र, २९ मे. अंक ३ जून १८४३, पान आणि स्तंभ अमुक. वार पडताळला.

धनी सापडलाच नाही तर दोन्ही शक्य तारखा लिहून कोणती का जास्त संभवते ते एका ओळीत नोंदवा. आणि मूळ पानाचं छायाचित्र घेताना फक्त तेवढा परिच्छेद नको, वरचं गाव-तारखेचं डोकं आणि खालची सही चौकटीत येईल असं घ्या.